पिवळ्या ठिपक्यांचे शिंपले

"वन्सं, अहो, तसाच नका ओतू!"

वहिनी ओरडली तसा माझ्या हातातला बर्फाचा ट्रे हौदाच्या काठावरच थबकला. मी आपली घरचा फ्रीज रिकामा करून, भर दुपारी स्कूटर दामटत आलेली, आणि स्वागत हे असं!

"बर्फ म्हणजे गोडं पाणी," ट्रे काढून घेत ती म्हणाली. "खाऱ्यातल्या जिवाला ते विषासारखं. पिशवीत भरा, तोंड घट्ट बांधा, मग सोडा."

"मग फोनवर सांगायचं होतंस की! मला काय स्वप्न पडतं?"

पण ती ऐकायला जाग्यावर होतीच कुठे! दादाचा जुना ढगळ शर्ट, कोपरापर्यंत वर सारलेल्या बाह्या, आणि एका हौदाकडून दुसऱ्याकडे नुसती धावपळ. माझी ही वहिनी समुद्राकाठच्या संशोधन केंद्रात शास्त्रज्ञ. तिचा जीव काळ्या शिंपल्यांत. रेतीत रुतणारे नव्हेत हं, हे खडकाला धरून राहतात, स्वतःच्या अंगातून धागे काढून. मी शिवणकाम करणारी बाई, मला तेवढं एक लगेच पटलं. सुई नाही, दोरा नाही, आणि टाका असा की लाटेलाही उसवता येत नाही.

काही वर्षांपूर्वी ऐन ओहोटीत असं ऊन तापलं की खडकावरचे शिंपले जागच्या जागी शिजले. त्यातून वाचलेले मूठभर वहिनीनं उचलून आणले आणि हौदात त्यांची पुढची पिढी वाढवली. एक दिवस ती पुन्हा खडकावर नेऊन लावायची, एवढा एकच ध्यास. कोमट पाण्याच्या परीक्षेत जे ताठ राहिले त्यांना नेलपॉलिशचा लाल ठिपका, ज्यांनी माना टाकल्या त्यांना पिवळा. पहिलवान आणि रडूबाई, ही नावं माझी. वहिनी हसायची, पण मग तीही तीच म्हणायला लागली.

आणि आज पाणी गार ठेवणारं यंत्रच बंद पडलेलं. मेकॅनिक उद्या येणार. बर्फ पुरणार एका हौदापुरता.

केंद्राचे प्रमुख घामानं थबथबून उभे होते. माणूस भला. "मॅडम, फक्त लाल वाचवा," ते म्हणाले. "इतक्या वर्षांची मेहनत आहे तुमची."

वहिनीनं परडी उचलली. मग तिनं पिवळ्यांच्या हौदात हात घातला.

"निम्मे हे घेणार, निम्मे ते."

"अहो, मग निम्मे लाल हकनाक जातील!"

"जातील," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. हात मात्र थांबले नाहीत. "सर, तुम्हालाही माहीत आहे. माणसामाणसांत जनुकं बहुतेक तीच असतात. यांचं तसं नाही. एकाकडे असतात ती कित्येक जनुकं शेजाऱ्याकडे नसतातच. पिवळ्यांना ऊन सोसत नाही, कबूल. पण दुसरं काय सोसतं ते आपण अजून विचारलंय कुठे? पुढचं संकट उन्हाचंच येईल कशावरून?"

"आणि तुमचं चुकलं तर?"

"तर माझं चुकलं."

मी पिशव्यांना गाठी मारत होते, पण लक्ष उडालं होतं. नवऱ्याच्या घरी माझं निभलं नाही, तेव्हा एक बॅग आणि शिलाई मशीन घेऊन मी भावाच्या दारात उभी राहिले होते. चार नातेवाईक शहाणपण शिकवायला हजर होतेच. वहिनीनं बॅग आत नेली आणि एवढंच विचारलं, "वन्सं, शिलाई मशीन खिडकीपाशी ठेवायचं ना?" पुढे दादा गेला, तेव्हा तीच मंडळी म्हणाली, आता भाऊच नाही, तर कसली नणंद आणि कसली भावजय! त्याच आठवड्यात वहिनीनं माझ्या मशीनला नवा दिवा आणला. पिवळा ठिपका म्हणजे काय, ते मला कुणी समजावून सांगायला नको होतं.

संध्याकाळी राहिलेल्या हौदांतले शिंपले आ वासून पडले होते. जिवंत शिंपल्याला हात लावला की तो मिटतो. वहिनीनं एकेकाला बोट लावून पाहिलं. एकही मिटला नाही.

वाचलेले, लाल-पिवळे एकत्र, तिनं जाळीत भरून धक्क्यावरून खाडीत सोडले. खडकावर लावण्याआधी समुद्राची सवय व्हावी म्हणून. आणि काय दैव बघा, वरच्या अंगाला ढग फुटले, नदीला पूर आला, आणि खाडीभर गढूळ गोडं पाणी पसरलं. बर्फाच्या एका ट्रेला जी बाई ओरडली होती, ती आता रोज खिडकीशी उभी राहून अख्खी नदी समुद्रात जाताना बघायची. जेवण नावापुरतं. मी चेष्टा करायचंही सोडलं.

पाणी निवळल्यावर आम्ही धक्क्यावर गेलो. प्रमुखांनी दोर ओढला. जाळी वर आली ती घाण वास घेऊनच. लाल ठिपके, उघडी तोंडं, आत काही नाही. वहिनीनं आत हात घातला.

मधोमध एक घोस होता. पिवळ्या ठिपक्यांचा. त्यातल्या एकाचं तोंड जरासं उघडं होतं. वहिनीनं बोट लावलं, आणि ते हळूच मिटलं.

"अगं बाई! जिवंत आहे गं!" मी धक्क्यावर नाचायचीच बाकी होते. रडूबाईंनी नाव काढलं होतं!

प्रमुख तिथंच फळीवर बसले. "मॅडम, तुम्हाला कसं कळलं हो?"

"कळलं नव्हतं, सर. म्हणून तर दोन्ही ठेवले."

मी पिशवीतून कात्री काढली. मेलेले कापून टाकले की जिवंतांना मोकळं पाणी मिळेल, एवढा साधा हिशेब. पण जवळून पाहिलं, तर पिवळ्यांचे सगळे धागे त्या रिकाम्या लाल शिंपल्यांना बांधलेले.

"राहू द्या, वन्सं," वहिनी म्हणाली. "त्यांनाच धरून तर टिकलेत हे. ते कापलेत तर हेही सुटून जाळीच्या तळाशी गाळात गुदमरतील."

मी कात्री मिटली. वहिनीनं ओले हात दादाच्या शर्टाला पुसले. मग एका बाजूनं तिनं आणि एका बाजूनं मी दोर धरला, आणि जाळी जशी होती तशी पाण्यात सोडली.