एलियाभाऊंची जीप

चामोर्शीजवळच्या एका गावात चर्चच्या मंडळीचे वडील, म्हणजे पुढारी, होते एलियाभाऊ रामटेके. देवाला विचारल्याशिवाय ते कोणाला काही देत नसत. घेताना मात्र देवाला त्रास देत नसत. गावातली एकुलती एक जीप त्यांनी एकदाही डोळे न मिटता घेतली होती.

त्याच जीपसाठी मंडळीतला गोविंदा धावत आला. तळ्यावर जाळं ओढताना त्याच्या बायकोला, प्रेमिलाला, साप चावला होता.

"भाऊ, जीप काढा! दवाखान्यात न्या लागते तिले."

"बस, गोविंदा. घाईत माणूस चुकते. आधी शहाणपण मागू. देव सढळ हातानं देते."

"सापानं कोणाले इचारलं का, भाऊ?"

एवढ्या अविश्वासाबद्दल भाऊंनी आधी गोविंदाच्या वतीनं क्षमा मागितली. मग ते गुडघ्यांवर बसले. मधेच जीपच्या नव्या सीटवर प्रेमिला उलटी करतेय, असं डोळ्यांसमोर यायचं. हा विचार देवाचा की सैतानाचा, हे ठरवण्यात बराच वेळ गेला. शेवटी स्पष्ट उत्तर आलं: दे.

डोळे पुसत भाऊ जीप घेऊन गोविंदाच्या दारी पोचले, तेव्हा खाटेभोवती बाया रडत होत्या.

"आता काऊन आणली, भाऊ?"

"देवाचं उत्तर आताच आलं ना, बाबू."

रविवारी भाऊंनी साक्ष दिली की मागणाऱ्याला देव उत्तर देतोच. मंडळी आमेन म्हणाली. प्रेमिलाला कबरस्तानात आपल्याच जीपनं नेलं, हेही ते सांगायला विसरले नाहीत. सीटवर प्लास्टिक अंथरलं होतं. तेवढं शहाणपण त्यांना न मागता सुचलं होतं.