मागच्या सीटवरची झोप

मोटारीचा आजार शोधायचा तर तिच्यात झोपावं लागतं, असं मी सांगतो तेव्हा लोक हसतात. हसोत बापडे. माझा डावा कान झोपत नाही. बाकीचा मी घोरत असलो तरी तो इंजिनापाशी जाऊन बसतो. एकदा तर तो दुसऱ्याच गाडीबरोबर निघून गेला आणि दोन दिवसांनी धुळीने माखून परत आला.

शिवणकाकू माझ्या गॅरेजात आल्या त्या एका शनिवारी दुपारी. वयाने माझ्याहून लहान, पण सगळी गल्ली काकू म्हणते म्हणून मीही म्हणतो. त्यांच्या हातच्या शिवणीचा लौकिक मोठा. त्यांनी शिवलेल्या रेनकोटात बादलीभर पाणी ओतून ठेवा, सकाळी बादलीभरच परत मिळेल. दारात त्यांची साईच्या रंगाची जुनी गाडी उभी होती. यजमान गेल्यावर साठीत त्या ती चालवायला शिकल्या होत्या.

“मिस्त्री, ही चालता चालता बंद पडते.”

“कधी?”

“तिच्या मनात येईल तेव्हा. पंधरा-वीस मिनिटं रुसते आणि मग काही झालंच नाही अशी सुरू होते. कधी महिनाभर गुणी बाळासारखी वागते.”

तीन गॅरेजं फिरून झाली होती. एकाने प्लग बदलले, दुसऱ्याने कॉइल, तिसऱ्याने कार्बोरेटर खोलून पेट्रोलपंपही नवा बसवला. त्यांच्यासमोर गाडी फुलासारखी चालायची. गेल्या रविवारी मात्र दगडी पुलाच्या मधोमध थांबली आणि मागून येणारा दुधाचा ट्रक वीतभर अंतरावर कसाबसा उभा राहिला. तेव्हापासून चिरंजीवांनी धोशा लावला होता.

“म्हणतो, आई, आणखी एकदा बंद पडली की भंगारात. किल्ली माझ्याकडे.” काकू बोटावरचं अंगुस्तान फिरवत बसल्या. “टेकडीपलीकडे माझी ताई वर्षभर अंथरुणाला खिळलीय. तिकडे बस जात नाही. रविवारी हॉर्न वाजला की ती उशी उंच करून घेते. उद्या नाही पोचले तर...”

“उद्या मी येतो.”

“चालवायला?”

“झोपायला.”

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझं माप चुकलं होतं. पण सकाळी गाडी दारात हजर.

त्या गाडी चालवत शिवणयंत्रासारखी. सरळ, एका लयीत, वळणावर पाय हलका. मागच्या सीटवर मी आडवा झालो. काचेतून ऊन पोटावर येऊन बसलं. झाडं एकामागून एक डोळ्यांवरून हात फिरवून जात होती. मी कुठे संपतो आणि गाडी कुठे सुरू होते ते कळेना, आणि मग कळायची गरजही उरली नाही.

स्वप्नात मी तान्हा होतो. गवताच्या समुद्रात पाळणा तरंगत होता आणि माझ्या हातात दुधाची बाटली होती. आधी दूध झरझर आलं, मग धार बारीक झाली. मी जोर लावून ओढलं तशी बाटलीच आत ओढली गेली, तिच्या कुशी एकमेकींना चिकटल्या. दूध आत दिसतंय, पण येत नाही. वरचे ढगसुद्धा चपटे झाले. मी रडायला तोंड उघडलं, तर आवाजही आत खेचला जाऊ लागला.

डाव्या कानाने मला गदागदा हलवलं. इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. समोर दगडी पूल.

“संपलं,” काकू म्हणाल्या. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच. “बॉनेट उघडू?”

“बॉनेटला हात लावू नका. मला बाटली बघायचीय.”

“जागे झालात का नक्की?”

मी मागे गेलो. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर एक टोपडं होतं. रबरी कापडाचं, दुहेरी शिवणीचं, खाली इलॅस्टिक, कडेला निळी पट्टी. एखाद्या राजपुत्राला शोभावं असं.

“हे काय?”

“ताईला पेट्रोलच्या वासाने मळमळायचं. ती बसू शकत होती तेव्हा तिला फिरवून आणायची मी. तेव्हा शिवलं.”

मी टोपडं काढून झाकण फिरवलं. टाकीने असा लांब श्वास घेतला की गवतावरचं एक फुलपाखरू दोन बोटं मागे ओढलं गेलं. ते माझ्याकडे रागाने बघून उडालं. आत पत्रा टण्णकन सुटला.

“मारा स्टार्टर.”

गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. काकू मात्र सुरू झाल्या नाहीत.

“झाकणाला सुईएवढं भोक असतं,” मी म्हणालो. “पेट्रोल जातं तितकी हवा आत यायला हवी. हवा नाही मिळाली की टाकी पेट्रोल सोडत नाही. थोडं थांबलं की कुठून तरी हवा झिरपते, मग गाडी चालते.”

“वाटेत पेट्रोल भरलं त्या दिवशी कधीच नाही पडली,” त्या सावकाश म्हणाल्या. “झाकण उघडलं जायचं. म्हणजे मीच.”

“छे हो, या पुलालाच गाडीचा लळा लागलाय. मागे एकदा याने एक आख्खी वरात...”

“मिस्त्री, गप्प बसा.” मग त्या हसल्या, आणि डोळेही पुसले. “तीस वर्षं सांगत आले, माझ्या शिवणीतून हवासुद्धा जात नाही.”

पुलाच्या कठड्यावर बसून त्यांनी पर्समधली कात्री काढली. टोपड्याच्या खालच्या बाजूला चीर दिली आणि तिला बारीक टाक्यांचं काज केलं. असं काज मी लग्नाच्या कोटावरही पाहिलं नाही. खाली पाणी वाहत होतं, दोरा वरखाली होत होता, मी उभ्याउभ्या पुन्हा डुलकी काढली.

“चिरंजीवांना काय सांगायचं? बंद तर पडली.”

“मी मुलाशी खोटं बोलत नाही,” काकू दाताने दोरा तोडत म्हणाल्या. “तुम्ही बोला.”

हॉर्न वाजला तेव्हा ताईंची उशी आधीच उंच होती. “उशीर केलास,” त्या म्हणाल्या. “गाडीला काज करत होते,” काकू म्हणाल्या, आणि दोघी बहिणी त्यावर तासभर हसत राहिल्या.

संध्याकाळी चिरंजीव किल्लीसाठी हात पुढे करून माझ्या दारात. मी त्याला सगळं खरं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच, त्यामुळे त्याचा विश्वास बसेना.

“मग पुढच्या रविवारी तूच मागच्या सीटवर बस,” मी म्हटलं. “वाटेत पेट्रोल भरायचं नाही. पुलाच्या पलीकडे जाईपर्यंत किल्ली आईकडे.”

रविवारी तो मागे ताठ बसला, नजर रस्त्यावर रोखून. मी पुढे, काकूंच्या शेजारी. ऊन आलं, झाडं डोळ्यांवरून फिरू लागली. आरशात पाहिलं तर गड्याची मान खिडकीला टेकलेली, तोंड उघडं. काकूंनी हळूच माझ्याकडे पाहिलं आणि पुलावर गाडी अशी नेली की त्याची पापणीही हलली नाही.

ताईंच्या दारात हॉर्न वाजला तसा तो दचकून उठला.

“पूल आला का?”

“केव्हाच गेला,” काकू म्हणाल्या आणि किल्ली पर्समध्ये टाकून आत गेल्या.