पाव तास पुढचं घड्याळ

हेडसर, तुमच्या शाळेचं घड्याळ खोटं बोलतं आणि ते तुम्ही शिकवलंत. पोरं उशिरा येऊ नयेत म्हणून पाव तास पुढे!

दारावर सोनेरी अक्षरांत ‘जागतिक वर्ग’ रंगवून घेतलात. आत भिंतभर पडदा, काचेच्या कपाटात पृथ्वीचा गोल. मी किल्ली मागितली तर म्हणालात, "पाहुणे आले की उघडू, बाई." म्हणजे जग कुलपात आणि पोरं बाहेर.

मग मी माझाच फोन घेऊन सातवीला मैदानात नेलं. समुद्रापलीकडच्या एका वर्गाशी ठरलं होतं: एकाच वेळी दोघांनी झाडूच्या काठीची सावली मोजायची. त्यांची भाषा आम्हाला येत नाही, आमची त्यांना. म्हणून सुतळीने मोजायचं आणि सुतळीच दाखवायची.

वर्गाच्या खिडकीतून दिसणाऱ्या शाळेच्या घड्याळावर वेळ झाली. फोन लावला. कोणी उचलेना. पुन्हा लावला. तेच.

"टांग दिली त्यांनी," भिंगरी म्हणाली. एका जागी उभी राहील तर शपथ, म्हणून ती भिंगरी.

"आपल्याशी कोण बोलतंय!" मागून कोणीतरी पुटपुटलं. ते माझ्या काळजात रुतलं, सर.

आणि फोन वाजला! पडद्यावर स्वेटरमधली डोकीच डोकी, सगळी हात हलवतायत. मी फोनवरची वेळ बघितली. बरोबर ठरलेली!

"अगं बाई, आपणच आधी आलो! उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!" भिंगरी किंचाळली आणि हास्याचा नुसता स्फोट झाला.

मोजून आमची सुतळी धरली तर भिंगरीच्या गुडघ्याएवढी. त्यांची? त्यांच्या उंच मास्तरांनी हात वर केला तरी खाली लोळत होती.

"एवढी लांब?"

"बाई, त्यांच्याकडे आत्ता सकाळ आहे! सूर्य खाली आहे, आणि सावली आखडत चाललीय!" हे मी सांगितलं नव्हतं, सर. पोरांनी सावलीवरून ओळखलं. तिकडचीही नाचत होती. शेवटी त्यांनी एक कागद धरला: कॅलेंडर, आणि शुक्रवारभोवती लाल गोल. पुन्हा भेटू!

वर्गात आल्या आल्या पोरांनी बाकावर स्टूल चढवलं आणि घड्याळ बरोबर केलं. नेमके तेव्हाच तुम्ही आलात.

"घड्याळाला कोणी हात लावला?"

"जगाने, सर," भिंगरी म्हणाली.

पोरं हसली, तुम्ही नाही. काटे पुन्हा पुढे केलेत, माझा फोन शाळेत बंद केलात, शुक्रवार रद्द केलात. कारण काय, तर शिस्त! दिवसभर खोटी वेळ दाखवायची आणि त्याला शिस्त म्हणायचं?

शुक्रवारी ते फोन लावतील. उचलला नाही, तर तिकडेही कोणीतरी मागून पुटपुटेल, आपल्याशी कोण बोलतंय. भिंगरी सकाळपासून सुतळी खिशात घालून तुमच्या त्या सोनेरी दारापाशी उभी आहे. एका जागी, सर! तिला मी काय सांगू? माझा फोन नको, तर त्या पडद्यावर बोलू; कुलूप उघडताय की नाही? पाहुण्यांची सबब नको. हो की नाही, एवढंच सांगा.