घोंगडीखालचं हाड

पाटोद्याजवळच्या माळवाडीत त्या गुरुवारी एवढी कुत्री जमली, की माणसांना उभं राहायला जागा उरली नाही. प्रत्येकाच्या हातात दोरी, दोरीला कुत्रं आणि कुत्र्याच्या घशात हाड! म्हणजे तसं हाडकाढे महाराजांचं म्हणणं. कुत्री मान ताणून कोरडी खोकत, उमासे देत. बघणाऱ्याला वाटावं, काहीतरी अडकलंच आहे. महाराज सांगत, पडक्या विहिरीतल्या हडळीनं एकेकाच्या घशात हाड रोवलंय.

दगडाबाई धनगरीणही आपल्या खोकणाऱ्या मैनी कुत्रीला घेऊन आली होती. तिची मेंढरं मैनीच्या जिवावर माळावर बसत. मैनी गेली तर लांडगा एकेक कोकरू उचलून नेणार, या धास्तीनं तिला झोप नव्हती.

महाराजांची तऱ्हाच न्यारी. हडळ उजेडाला बिचकते म्हणून आधी कुत्र्यावर घोंगडी टाकायची. मग डोळे मिटून, 'निघ गं अवदसे' म्हणत हात घोंगडीखाली सारायचा, की हाड बाहेर! मैनीचंही निघालं. मग सगळ्या कुत्र्यांनी एकाच परातीतलं मंतरलेलं दूध चाटायचं. शेजारच्या सटवानं तर आपलं म्हातारं पण धडधाकट कुत्रंही आणलं होतं, आधीच बंदोबस्त केलेला बरा म्हणून. शहाणपणाची हद्दच झाली म्हणायची.

आठवडा सरला नाही तोच मैनीनं भाकर टाकली. अंग तापलं, धाप लागली. सटवाचं कुत्रंही खोकू लागलं. महाराज म्हणाले, हडळ बिथरलीय, येत्या गुरुवारी शेजारच्या वस्त्यांवरची कुत्रीही आणा. दगडाबाईचं डोकं फिरलं. हाड निघालं तर खोकला कशानं राहिला? तिनं मैनीला उचललं आणि थेट पाटोद्याचा जनावरांचा दवाखाना गाठला.

डॉक्टर योगिताताईंनी मैनीची छाती तपासली, इंजेक्शन दिलं आणि दगडाबाईला चांगलं फैलावर घेतलं. हा लागण होणारा खोकला. शिंतोड्यांतून आणि उष्ट्या भांड्यातून पसरतो. आवाज हाड अडकल्यासारखा येतो, म्हणून महाराजांचं फावतं. बरीचशी कुत्री आठ-पंधरा दिवसांत आपोआप बरी होतात आणि नाव महाराजांचं होतं. मैनीचं दुखणं मात्र फुप्फुसात उतरलं होतं.

"वाचंल का हो ताई?"

"औषध चुकवू नका, तिला वेगळी ठेवा. वाचेल."

गुरुवारी मैनीला घरीच ठेवून दगडाबाई घोंगडीत गुंडाळलेलं गाठोडं घेऊन महाराजांसमोर बसली. मधूनच पदराआड तीच कुत्र्यागत खोकत होती. महाराजांनी डोळे मिटले, हात आत सारला, अवदसेला शिव्या घातल्या आणि कोंबडीच्या तंगडीचं लांबलचक हाड वर धरलं.

दगडाबाईनं घोंगडी ओढली. आत दूधपितं कोकरू होतं.

"म्हाराज," ती म्हणाली, "माझ्या कोकरानं कोंबडी कवा खाल्ली?"

सगळी वस्ती खदखदून हसली. सटवानं महाराजांचा हात धरून कफनीची बाही उलटी केली, तशी आत शिवलेल्या खिशातून हाडं टपाटप पडली. कुत्र्याच्या तोंडात हात घालायची या बाबाची छाती कधी झालीच नव्हती. चावलं असतं ना! लोकांनी त्याला पोलिसांच्या हवाली केलं.

सटवा मात्र तिथंच बसला. त्याचं कुत्रं सकाळीच मेलं होतं.

"चांगलं हिंडतंफिरतं होतं. मंग मेलं कशानं?"

दगडाबाईला त्याची कीव आली, पण तिनं खोटं सांगितलं नाही.

"परातीतल्या उष्ट्यानं मेलं, सटवा. अन् त्येचं तोंड त्या परातीला आपणच लावलं."

मैनी वाचली. पण तुमच्या दारचं कुत्रं खोकलं, तर त्याला इतरांपासून वेगळं ठेवा, त्याचं भांडं वेगळं करा, गळ्याला दोरीचा हिसका देऊ नका. खाणं सुटलं, ताप आला, धाप लागली, तर डॉक्टर गाठायला उशीर नको. लसही विचारून घ्या. हडळ असलीच, तरी तिला तुमच्या कुत्र्याचं काय पडलंय? तुम्हाला पडलंय ना, मग डोकंही तुम्हीच चालवा.