मॅनेजरची पोळी

हे लिहून ठेवणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा उडवलं. ‘मी’ लिहिलं की बोटं थांबतात, म्हणून ‘प्रणव’ लिहितो.

तर प्रणव. कार्डिफ, २००९, मे महिन्यातला पहिला सोमवार, बँक हॉलिडे, म्हणजे इथली सार्वजनिक सुट्टी. नोकरी जाऊन पाच आठवडे झालेले आणि बायकोला, अक्षयाला, पत्ताच नाही. ती रोज सहाला उठून पोळ्या लाटायची. हा टाय लावून आठच्या बसने निघायचा आणि रोथ पार्कच्या तळ्यावर येऊन एका बाकावर बसायचा, पाचपर्यंत. डबा घशाखाली उतरायचा नाही. भाजी कशीबशी संपवायचा आणि पोळ्या तळ्यावरच्या गीजना घालायचा. बदकांपेक्षा दांडगे, मान ताणून अंगावर येणारे पक्षी.

वाईट वाटायचं का? खरं सांगायचं तर काहीच वाटायचं नाही. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात ना, तसं सगळ्या अंगाला.

त्या सोमवारी अक्षयाच म्हणाली, "एवढं ऊन पडलंय, तळ्यावर जाऊ."

"पेनार्थला जाऊ की. समुद्र आहे."

"सुट्टीच्या दिवशी पार्किंग मिळणारे का तिथे? तळं जवळ आहे."

सोबत शशिधर आला. प्रणवचा नागपूरपासूनचा मित्र, इथे हॉस्पिटलात एक्स-रे काढतो. चेरीची फुलं गवतभर पडलेली, जरा ऊन लागलं तर लोक लगेच हाफपँटवर, आइस्क्रीमच्या गाडीला ही लाइन. अक्षयाने चादर अंथरली ती नेमकी प्रणवच्या बाकासमोर. मग ऑफिसच्या डब्याची निळी पिशवी काढली. घरात डबा गरम ठेवणारी तेवढीच.

पिशवीची चेन वाजली आणि दहा-बारा गीज पाण्यातून चढून वर आले. शेजारच्या कुटुंबाने आख्खा ब्रेड फोडला होता, तिकडे ढुंकून बघितलं नाही. सरळ प्रणवकडे. सगळ्यात पुढे एक लंगडा, त्याने पिशवीत चोच घातली.

"मॅनेजर, मागे हो," प्रणव म्हणाला. तोंडातून निघूनच गेलं.

आणि मॅनेजर मागे झाला.

अक्षयाला हसू आवरेना. "अरे, हा ऐकतो तुझं. ऑफिसात तरी कुणी ऐकतं का एवढं?"

शशिधर हसला नाही. "वहिनी, याला जरा बोटीतून फिरवून आणतो."

"न्या. मला पाण्याची भीतीच वाटते. एक पोळी ठेवते त्याची. घरी धड जेवत नाही, ऑफिसात पोट भरतं म्हणतो. आज माझ्यासमोर खाऊ दे. आणि लवकर या रे, संध्याकाळी आई-बाबांची जूनमध्ये इकडे यायची तिकिटं काढायचीत."

आठवडाभर प्रणव या तिकिटांना ‘हो, काढू’ म्हणत होता. व्हिसा नोकरीला बांधलेला. जूनमध्ये आपणच इथे असू की नाही, हे त्याला माहीत नव्हतं.

धक्क्यावरच्या बोटवाल्या म्हाताऱ्याने प्रणवला बघून टोपी मागे सारली. "मॉर्निंग! नो टाय टुडे?"

शशिधर बोटीत समोर बसला आणि तळ्यातल्या पांढऱ्या लाइटहाउसपाशी आल्यावर बोलला. वल्ही प्रणवकडे.

"कधीपासून बे?"

"काय कधीपासून?"

"एका दिवसात कुठला पक्षी स्वतःचं नाव शिकत नाही, प्रणव."

"पाच आठवडे."

"आणि व्हिसा?"

"कंपनी व्हिसावाल्यांना कळवेल, मग पत्र येईल. निघायला किती दिवस देतात बघायचं."

"मला पण नाही सांगितलंस."

"सांगावंसं काही वाटतच नव्हतं. अजून नाही वाटत."

तळहाताला फोड येऊन फुटला होता. प्रणवने तो दुसऱ्या कुणाचा हात असावा तसा बघितला.

"पोळ्या यांना घालतोस?"

"हो."

"सहाला उठते बे ती." शशिधर पहिल्यांदाच चिडला.

प्रणव वल्हवायचा थांबला. समोर काठ दिसत होता. अक्षया एका हाताने चप्पल दाखवून मॅनेजरला हाकलत होती. दुसऱ्या हातात फॉइलची गुंडाळी, डोक्याच्या वर धरलेली. मॅनेजर पंख पसरून झेपावत होता. ती काही देत नव्हती.

छातीत काहीतरी हललं, असं लिहायला आवडलं असतं. नाही हललं. पण ती हात खाली करत नव्हती, तेवढं दिसलं.

"मी सांगू का तिला?" शशिधरने विचारलं.

"नको." प्रणवने बोट काठाकडे वळवली. "मी सांगतो."

"संध्याकाळी तिकिटं काढतेय ती. त्याच्या आधी."

"तिकिटांच्या नाही, पोळीच्या आधी. तिला सगळं सांगेपर्यंत घास तोंडात घालणार नाही. शब्द देतो तुला, शश्या."