शेपटीतली गाठ

“अगं, सैल धर त्याला. बोका आहे तो, बाजाराची पिशवी नाही,” ताई धाकटीच्या कानाशी पुटपुटली. “इतका आवळलास तर छाती रुंद आहे हे दिसणार कसं?”

धाकटीने हात सैल केले. घाम तिला फुटला होता, बोक्याला नाही. नावाप्रमाणेच साहेब आपले ऐटीत, सगळा हॉल आपल्याच मालकीचा असल्यासारखे बसले होते.

ही निळसर राखाडी, आखूड केसांची मांजरं वाढवता वाढवता ताईचे स्वतःचे केस त्याच रंगाचे झाले होते. साहेब तिच्याच घरचा. पिल्लू असताना तिनेच तो धाकटीला आणून दिला, परगावी राहून मांजरांच्या या प्रदर्शनात त्याचं नावही तिनेच परस्पर घातलं. आज थेट इथेच भेट.

परीक्षक बाईंनी साहेबाला टेबलावर घेतलं आणि मोठ्याने बोलत हात फिरवायला सुरुवात केली. “डोकं गोल, कुठूनही बघा. गाल भरलेले. कान लहान, एकमेकांपासून लांब. डोळे घासलेल्या तांब्यासारखे. मान, म्हणाल तर आहे.” बघणारे हसले. “पाय आखूड नि दणकट. केस इतके दाट, की दाबले तरी परत उभे.”

ताईच्या चेहऱ्यावर, पोराचं प्रगतिपुस्तक कुणी चारचौघांत वाचून दाखवावं तसा आनंद. मग बाईंचा हात शेपटीवर गेला आणि धाकटीने नजर पायांकडे वळवली.

तिला ठाऊक होतं. फोनवर कुणाशी तरी तावातावाने भांडताना तिने गॅलरीचं दार लाथेने लोटलं होतं. त्यानंतरचं साहेबाचं ओरडणं आठवून अजून ती ते दार हाताने, हळू लोटायची. शेपटी बरी झाली, गाठ राहिली. “एवढ्या केसांत कुणाला कळतंय?” नवरा म्हणाला होता. ताईला सांगायला तोंड होतं कुठे? प्रदर्शनाला नको म्हणावं, तर का नको ते सांगावं लागलं असतं.

बाईंचा अंगठा पुढे गेला, थबकला, मागे आला. “इथे गाठ आहे. हाडातच आहे. शेपटी सरळ नसेल तर बाकी कितीही देखणा असो, बाद.” त्यांनी वर पाहिलं. “कुणाकडची पैदास?”

“माझ्याकडची,” ताई म्हणाली.

“मग त्याच्या आईला यापुढे पिल्लं होऊ देऊ नका. रक्तातलं असणार.”

पिंजऱ्यांच्या रांगेमागे ताई घडीच्या खुर्चीवर बसली. साहेब मांडीवर. त्याच्या शेपटीवरून ती अंगठा फिरवत राहिली, वरून खाली, परत वरून खाली.

“आत्ता लागतेय की हाताला. पिल्लू होता तेव्हा कशी नाही लागली?”

“जाऊ द्या हो ताई,” धाकटीचा नवरा म्हणाला. “साहेबांचा रुबाब बघवला नाही बाईंना, दुसरं काय!”

“हसण्यावारी नका नेऊ भाऊजी. माझे अंगठे कामातून गेलेत.” ताईने ते उलटसुलट करून पाहिले, कुणा परक्याचे असावेत तसे. “इतकी पिल्लं याच अंगठ्यांच्या भरवशावर लोकांच्या घरी दिली. आणखी कुणाकुणाला असली दिलीत, काय सांगावं? घरी गेले की याच्या आईचं, मनीचं ऑपरेशन करून टाकते. बाकीची मांजरं द्यायची वाटून. पुरे झालं.”

धाकटीला वाटलं, हिने आपल्याला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

“आणि तू गं,” ताईने तिचा हात ओढून आपल्या गुडघ्यावर ठेवला. “माझ्यापायी सगळ्यांसमोर मान खाली घालावी लागली तुला. मनात ठेवू नकोस. चुकलं माझं.”

नवऱ्याने बुटाच्या टोकाने धाकटीची चप्पल दाबली. गप्प राहा. ताई तोवर पर्समधून मोबाइल काढून मांजरांच्या डॉक्टरांचा नंबर शोधायला लागली होती. चष्मा न लावता, डोळ्यांपासून लांब धरून.

धाकटीने मोबाइलवर हात ठेवला.

“ताई, तुझ्या अंगठ्यांना काही झालेलं नाही,” ती म्हणाली. “त्याची शेपटी मी दारात चिरडली.”