लांबून बोलणारा

आईने हेडफोन कानाला लावले आणि थोरलीने घड्याळाकडे पाहिलं.

टेकडीवरच्या या खोलीत थोरलीचं काम एवढंच: लांबच्या रेडिओ स्टेशनांचे आवाज ऐकायचे आणि ते किती जोरात आले ते एक ते नऊ आकड्यांत वहीत लिहायचं. त्यातलं एक स्टेशन समुद्रापलीकडच्या बेटावरचं. त्यावर तिच्या धाकट्या भावाचा आवाज होता, रेकॉर्ड केलेला. एक ते दहा आकडे, मग "ऐकू येतंय का?" धाकटा तिथेच नोकरीला होता, सहा वर्षांपूर्वी तिथेच वारला. आवाज मात्र ड्युटीवर राहिला.

उन्हाळ्यात तो यायचा नाही. आकाशात अडीचशे किलोमीटर वर तेव्हा नायट्रोजनची दादागिरी असते. रेडिओचे आवाज खाली परतवणारा हवेचा थर विरळ होतो. थंडीत सुटा ऑक्सिजन वाढतो, थर दाट होतो, आणि भर दुपारी लेक आईच्या कानात आकडे मोजतो. हे सगळं आईला तोंडपाठ. वर्षभर ती या थंडीच्या भरवशावरच तर जगायची.

गेल्या उन्हाळ्यात ते स्टेशन मोडीत निघालं. तसं पत्र आलं, ते थोरलीने ड्रॉवरच्या तळाला दडपलं. आईला कुठल्या तोंडाने सांगणार? मग तिने शक्कल लढवली. धाकट्याच्या आवाजाची मूळ टेप इथल्या कपाटात होती. आज तीच हेडफोनला जोडून ठेवली.

बारा वाजले. तिने बटण दाबलं. पाचाच्या आकड्याला आईने मान वळवली.

"बंद कर ते. हा शेजारच्या खोलीतून बोलतोय. माझा लांबून बोलायचा, बुडत बुडत."

थोरलीचं तोंड एवढंसं झालं. तिने हेडफोन परत रेडिओला जोडले आणि पत्र आईच्या मांडीवर ठेवलं. आईने ते वाचलं, नीट घडी घातली, पण हेडफोन काही काढेना. रेडिओवर नुसती खरखर. आता काय ऐकत बसलीस, असं थोरली खेकसणारच होती, तेवढ्यात आईचे ओठ हलले. सहा. सात. मग बराच वेळ काही नाही. आठ.

हिचं डोकं फिरलं, थोरलीला वाटलं. मग तिचं लक्ष रेडिओच्या मीटरकडे गेलं. आईने नऊ म्हटलं आणि काटा जागचा हलला. दहाला पुन्हा.

काटा आणखी एकदा थरथरला.

"येतंय रे," आई म्हणाली.

थोरलीने वही ओढली. त्या स्टेशनच्या रकान्यावर तिनेच मारलेली काट होती. तिच्याखाली तिने वेळ टाकली, बारा वाजून चार मिनिटं. जोर: एक.